तुळस ऑनलाइन आहे

पुण्यातल्या तपकीर गल्लीत शिरण्यापूर्वी माणसाने आपलं शिक्षण एकदा मनातल्या मनात उजळून घ्यावं. तिथून हाकेच्या अंतरावर, लक्ष्मी रस्त्यावर, साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाला गादीवर बसवतात, पाणी विचारतात, नको म्हटलं तरी आणखी दहा साड्या उलगडतात. तपकीर गल्लीत असले लाड नाहीत. चार फुटांचं काउंटर, मागे छतापर्यंत प्लॅस्टिकचे छोटे छोटे खण, आणि खणांमधून उरलेल्या जागेत एक माणूस. तो मान वर न करता म्हणतो, "बोला."

"एक पॉट द्या."

"किती के?"

"दहा."

"लिनिअर का लॉग?"

इथे निम्मे उमेदवार गळतात. रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे जो फिरता रेझिस्टर असतो, तो म्हणजे पॉट. आवाजासाठी वापरायचा असेल तर लॉग लागतो, कारण आपला कान सरळ हिशेबाने ऐकत नाही. आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद दुपटीहून कितीतरी जास्त द्यावी लागते. म्हणजे वीस रुपयांची वस्तू घ्यायला आलेल्या माणसाला स्वतःच्या कानाचं गणित ठाऊक असावं लागतं. ते ठाऊक असणारे पुढच्या फेरीत जातात: "शाफ्ट लांब का आखूड? सिंगल का डबल?" यातूनही जो पार पडतो त्याला पॉट मिळतो, आणि सुट्टे नसल्याबद्दल बोलणी मिळतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लीत डिप्लोमाच्या मुलांचा हंगाम असतो. चौघांचा गट, त्यातल्या एकाच्या हातात यादी, उरलेले तिघे मोबाइलमध्ये. दुकानदार यादीवर नजर टाकतो आणि ज्योतिष्यासारखं निदान करतो, "लाइन फॉलोअर ना? मोटर ड्रायव्हर दोन कशाला लिहिलेत? एकात दोन मोटरी चालतात." प्रोजेक्ट मोजकेच असतात. काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी, टाकी भरली की बोंबलणारा वॉटर लेव्हल इंडिकेटर, आणि अंधांसाठी स्मार्ट काठी. महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनांनी आजवर ज्या संख्येने स्मार्ट काठ्या बनवल्या आहेत, त्या मानाने परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी चालू असलेली एकही काठी माझ्या पाहण्यात नाही. पण बाहेरून आलेले परीक्षकही विद्यार्थी असताना तीच काठी करून पास झालेले असतात, त्यामुळे प्रश्न सौम्य येतात.

अलीकडे मात्र या गल्लीतला परीक्षक जरा खट्टू दिसतो. मुलं आता यादी आणत नाहीत, फोटो आणतात. "काका, हे आहे का?" काका वर लटकवलेल्या पाकिटांतून एक पाकीट ओढतात. त्यात सगळं जोडून तयार असतं: सेन्सर, त्याच्या मदतीला लागणारे चार रेझिस्टर, दिवा, पिना. पॉट असला तरी तो आधीच बसवलेला, पिटुकला, स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायचा. लिनिअर का लॉग, हा प्रश्न विचारायची सोय राहिलेली नाही. विद्वत्तेला गिऱ्हाईक नसलं की विद्वान चिडचिडे होतात. काका पाकीट देताना "हे चायनाचं आहे, गॅरंटी नाही" एवढंच म्हणतात. गल्लीत गॅरंटी पूर्वीही नव्हती.

या पाकीटयुगाची सुरुवात इटलीत झाली. उत्तर इटलीत इव्रेआ नावाचं गाव आहे. ऑलिव्हेट्टी टाइपरायटरचं ते माहेर. तिथल्या एका डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत २००५ मध्ये मास्सिमो बान्झी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी, एक स्वस्त बोर्ड बनवला. मंडळी संध्याकाळी ज्या बारमध्ये जमत त्या बारचं नाव बोर्डाला दिलं: आर्दुइनो. बारला ते नाव एका राजावरून मिळालं होतं. हा राजा १००२ मध्ये इटलीच्या गादीवर बसला आणि दोनच वर्षांत जर्मनीच्या हेन्रीने येऊन तिथे स्वतःला मुकुट घालून घेतला. हजार वर्षांनी मात्र राजाने असा सूड उगवला की आज लातूरपासून लिमापर्यंत पोरं त्याच्या नावाने दिव्यांची उघडझाप करतात. बोर्डाचा आराखडा सगळ्यांना खुला ठेवला होता, त्यामुळे त्याच्या नकला निघाल्या, आणि नकला इतक्या स्वस्त निघाल्या की आपल्या गल्लीत अस्सल बोर्ड मागितला तर दुकानदार तुमच्याकडे वर पाहतो. त्या दुकानात मान वर होण्याचा हा एकच प्रसंग.

ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या चिपा बनवणाऱ्या बड्या कंपनीने हे आर्दुइनो विकत घेत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच दमात उनो क्यू नावाचा नवा बोर्ड आणला. त्यात दोन मेंदू. एक मोठा, लिनक्स चालवणारा, चित्रं ओळखणारा. दुसरा लहान, मोटरी आणि दिवे वेळेवर चालू-बंद करणारा. आमच्यासारख्या हौशी लोकांमध्ये यावर बरीच कुजबुज झाली. गावातल्या खाणावळीला पंचतारांकित हॉटेलवाल्याने घेतलं की जुनी मंडळी जे बोलतात तेच: आता भात मोजून वाढतील. माझं मत विचाराल तर नकला विकणाऱ्यांचं आयुष्य अजून मोठं आहे, काळजी नसावी.

स्वस्ताईची दुसरी कथा इंग्लंडातली. केंब्रिजच्या एबन अप्टन या गृहस्थांना असं वाटलं की कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्या मुलांनी लहानपणी यंत्र उचकटलेलं नसतं, म्हणून मुलांना न घाबरता खेळता येईल असा कॉम्प्युटर हवा. रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, म्हणजे वाढदिवस चार वर्षांतून एकदाच साजरा करावा लागेल अशा काटकसरी मुहूर्तावर, पस्तीस डॉलरला बाजारात आला. २०१५ च्या नोव्हेंबरात त्यांनी पाच डॉलरचा पाय झीरो काढला आणि आपल्या मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट वाटला. आपल्याकडे दिवाळी अंकाबरोबर फार तर दिनदर्शिका मिळते, किंवा उटण्याची पुडी. मासिकाबरोबर अख्खा कॉम्प्युटर! वाचणारे वाचत असतील की नुसता कॉम्प्युटर सोलून घेत असतील, हा संपादकांचा प्रश्न.

असं सगळं सामान मुबलक झालं आणि आमची खरी पंचाईत सुरू झाली. पूर्वी डोक्यात दहा कल्पना असत आणि खिशात एका आयसीचे पैसे नसत. आता टेबलावर दहा बोर्ड पडलेले असतात आणि त्यांना लावायला काम नसतं. लग्नाळू मुलाच्या आईसारखं आम्ही घरभर फिरून स्थळं शोधतो. या दिव्याला काही अडचण आहे का? या पंख्याला कुणी हात लावून बंद करण्यात काही गैरसोय? बायको म्हणते, बटण दाराशेजारीच आहे. बटण दाराशेजारी असणं हा आमच्या छंदाचा मोठा शत्रू आहे.

शेवटी मला तुळस मिळाली.

तुळस गॅलरीत आहे, आईची आहे, आणि उन्हाळ्यात तिला पाणी कधी कमी, कधी जास्त होतं. हे कारण मला पुरेसं वाटलं. मातीतला ओलावा मोजणारे सेन्सर दोन प्रकारचे मिळतात. एक दोन टोकदार पायांचा. तो मातीतून वीज सोडून बघतो. स्वस्त असतो, पण ओल्या मातीत वीज वाहिली की धातू झिजतो आणि थोड्याच दिवसांत पाय खंगून जातात. दुसरा प्रकार जास्त शहाणा. त्याचा धातू मातीला लागतच नाही. आजूबाजूला पाणी किती आहे त्यावर त्याची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, बदलते. कोरड्या मातीपेक्षा पाण्याचा परिणाम कितीतरी पट मोठा असल्याने फरक लगेच कळतो. हा सेन्सर घेतला, त्याला ईएसपी-३२ जोडला, घरच्या वायफायचा पासवर्ड दिला आणि तुळस ऑनलाइन आली.

ईएसपी-३२ ही शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची चीज. २०१६ पासून मिळते. दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झ, ५२० किलोबाइट मेमरी, वायफाय, ब्लूटूथ. बोर्डासकट तीन-चारशे रुपयांत येते. हे आकडे वाचताना मला नेहमी टिफ्रॅक आठवतो. मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रंगस्वामी नरसिंहन आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी स्वतः आराखडा करून, स्वतः जोडून बनवलेला कॉम्प्युटर. आधी १९५६ मध्ये छोटं नमुना यंत्र चालवून पाहिलं, मग १९६० मध्ये मोठं यंत्र चालू झालं. सत्तावीसशे व्हॅक्यूम ट्यूब, सतराशे जर्मेनियम डायोड, साडेबारा हजार रेझिस्टर. त्यांच्यापुढे 'हे पाकीट आहे का' विचारायला दुकान नव्हतं. आपल्या देशातला सगळ्यांत भव्य घरगुती प्रोजेक्ट कुठला, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून टिफ्रॅकचं नाव घेईन. चाळीस बिटांचे दोन हजार अठ्ठेचाळीस शब्द, एवढी त्याची मेमरी. आजच्या हिशेबात दहा किलोबाइट. त्यावर शास्त्रज्ञ पाळ्या लावून गणितं सोडवायचे. त्याच्या पन्नासपट मेमरी माझ्या गॅलरीत बसून, माती ओली आहे की नाही, हे बघते आहे. बाकी वेळ ती काय करते देव जाणे. एखाद्या सीनिअर इन्स्पेक्टरला एकाच फाटकावर बसवल्यासारखं मला अधूनमधून अपराधी वाटतं.

(पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकने वेगा नावाची प्रोसेसरांची मालिका केली आहे. त्यातली तेजस-३२ ही शंभर मेगाहर्ट्झची चिप असलेला एरीज बोर्ड शिकणाऱ्यांसाठी मिळतो. रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यावर ती बेतलेली आहे, म्हणजे कुणाला परवान्याचे पैसे न देता ज्याला जमेल त्याने चिप करावी. तुळशीला परदेशी मेंदू का, असा मुद्दा आमच्या घरी निघालेला आहे. विचार चालू आहे.)

तुळशीच्या सेन्सरची आणखी एक गंमत म्हणजे त्याच्या पोटात ५५५ आहे. नव्या पोरांना हा आकडा फोन नंबरसारखा वाटेल, पण आमच्या पिढीतल्या कुणाच्याही कानाशी 'ट्रिपल फाइव्ह' म्हणा, तो माणूस हळवा होईल. आठ पायांची ही टायमर आयसी. हिने आम्ही दिवे लुकलुकवले, भोंगे वाजवले, आणि बहिणीच्या खोलीत मध्यरात्री टिकटिक करणारी पेटी लपवली. ती बनवली हान्स कॅमेन्झिंड या स्वित्झर्लंडच्या माणसाने, १९७१ मध्ये. मंदीचे दिवस होते. सिग्नेटिक्स कंपनीतली नोकरी सोडून तो तिथलंच काम कंत्राटावर, जवळजवळ अर्ध्या पैशांत करत होता. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये दोन चिनी उपाहारगृहांच्या मधल्या भाड्याच्या खोलीत बसून त्याने सर्किट सुटे भाग जोडून तपासलं आणि मग चिपचा नकाशा हाताने कापून तयार केला. १९७२ पासून ती विकली जाते आहे. पन्नास वर्षं उलटून गेली. त्या काळातला टीव्ही गेला, टेपरेकॉर्डर गेला, ट्रंककॉल गेला. ही बाई मात्र अजून नोकरीवर, आणि आता आमच्या तुळशीपाशी. दोन कोअरच्या त्या चिनी पोराला मातीची खबर जी मिळते ती हिच्याकडून. घरात सगळी कामं कुणाला विचारून होतात, याचं हे चित्र मला ओळखीचं वाटलं.

आईने सुरुवातीला या प्रकाराकडे दुर्लक्ष केलं. मग एकदा सहज विचारलं, "आज किती आहे?" मग रोज. मग कॉलनीतल्या बायकांना दाखवायला मोबाइल खाली जाऊ लागला. मी हौसेने एक सोय केली होती: ओलावा ठरावीक आकड्याखाली गेला की 'मला तहान लागली आहे. तुळस.' असा निरोप फोनवर यायचा. आई बहिणीकडे सांगलीला गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना फोन वाजला.

"तुळशीला पाणी घातलं नाहीस?"

पाळत ठेवणारं यंत्र तुळशीवर पाळत ठेवतं, असा माझा समज होता.

एवढ्यावर भागलं असतं, पण यंत्राने एकदा उपयोगी पडण्याचा गुन्हा केला की मागण्या सुरू होतात. पुढची मागणी स्वयंपाकघरातून आली. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं काहीतरी कर. ही मागणी ऐकून मला गहिवरून आलं. खरीखुरी गरज! बाजारात आता इतक्या हलक्या आवाज-ओळखण्याच्या पद्धती आल्या आहेत की ईएसपी-३२ सारख्या चिमुकल्या चिपवर त्या चालतात. ढगातल्या कुठल्या मोठ्या कॉम्प्युटरला विचारावं लागत नाही. माइक लावला, आमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकवून ऐकवून यंत्राला शिकवल्या. यंत्र शिकलं. अडचण वेगळीच निघाली. शिट्टी म्हणजे नेमकं काय, यावर घरातच एकमत नव्हतं. सुरू होऊन मध्येच बसली आणि पुन्हा उठली, तर एक की दोन? बायकोच्या मते एक. आईच्या मते दीड. कॉम्प्युटरला पूर्णांक कळतात, अपूर्णांक कळतात, पण 'ती जरा दबकीच होती, ती धरू नकोस' हे कुठल्या रकान्यात भरायचं? त्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा कुकर आमच्याच कंपनीचा. त्यांनी राजमा लावला की आमच्या ओट्यावरचं यंत्र उत्साहाने मोजायला लागायचं. एका रविवारी गॅसवर काहीही नसताना आमच्या घरात आठ शिट्ट्या झाल्याची नोंद आहे.

कामाला लागणारी हत्यारंही हुशार झाली आहेत. माझं पहिलं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटचं होतं. वायर भिंतीत खोचायची, दहा मिनिटं वाट पाहायची, तापलं की नाही हे रोझीनला टेकवून धुराच्या वासावरून ठरवायचं. शिसं आणि कथील यांचं त्रेसष्ट-सदतीस मिश्रण १८३ अंशांना वितळतं, हे पुस्तकात वाचलं होतं. हाताला ते न वाचताच कळायचं, आणि बोटालाही. आता पाइनसिल नावाचं आयर्न मिळतं. पेनाएवढं, मोबाइलच्या टाइप-सी चार्जरवर चालणारं, काही सेकंदांत तापणारं, अंगावरच्या पडद्यात तापमान दाखवणारं. त्याच्या आत स्वतःचा प्रोसेसर आहे, आणि तोही रिस्क-फाइव्ह. एकदा मी डाख द्यायला बसलो आणि त्याला सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आलेलं असल्याचं कळलं. माझे आजोबा हे ऐकायला नाहीत ते बरं. तांब्याच्या कल्हईवाल्याने 'थांबा, भात्याचं अपडेट चालू आहे' म्हटलं असतं तर त्यांनी भांडी उचलून घरी नेली असती.

पण हत्यार सुधारलं त्याच्या दुप्पट वेगाने भाग लहान होत गेले आणि त्याच्या चौपट वेगाने माझी नजर. पूर्वीच्या रेझिस्टरला दोन लांब पाय आणि अंगावर रंगीत पट्ट्या असत. त्या पट्ट्या वाचायला बी. बी. रॉय यांचा आधार होता. 'बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाइफ': ब्लॅक, ब्राउन, रेड, ऑरेंज, यलो, ग्रीन, ब्लू, व्हायोलेट, ग्रे, व्हाइट. देशातल्या प्रत्येक डिप्लोमाधारकाला हे दांपत्य ठाऊक आहे. आता पृष्ठभागावर चिकटणाऱ्या रेझिस्टरांना पाय नाहीत आणि पट्ट्याही नाहीत. जरा मोठा असला तर पाठीवर १०३ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दहावर तीन शून्यं. लहान असला तर काहीच लिहिलेलं नसतं. रॉयसाहेब सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्या गुणी पत्नीची कुणी चौकशीही करत नाही.

मापांचं सांगायचं तर सव्वा मिलिमीटर रुंदीचा ०८०५ हा तिळाच्या जवळपास, म्हणजे अजून माणसांत आहे. एक बाय अर्धा मिलिमीटरचा ०४०२ म्हणजे खसखस. आणि ०१००५ नावाचा जो आहे तो ०.४ बाय ०.२ मिलिमीटरचा, त्याला स्वयंपाकघरात उपमा नाही. तो चिमट्यात धरताना श्वास रोखावा लागतो. आमच्या वयात चष्मा, भिंग, चिमटा आणि श्वास या चौघांचा मेळ बसायला वेळ लागतो, आणि बसला की खोलीत कुणीतरी पंखा लावतं. सुटलेला रेझिस्टर गालिच्यात पडला तर तो शोधू नये, नवा घ्यावा. ते शंभरच्या पट्टीतच मिळतात. त्याला कारण आहे.

पीसीबीही, म्हणजे हे सगळे भाग ज्यावर बसवतात ती पाटी, आता घरी करायची राहिली नाही. पूर्वी तांब्याच्या पाटीवर मार्करने रेघा काढून ती फेरिक क्लोराइडच्या द्रावणात हलवत बसायचं. नको तिथलं तांबं विरघळायचं आणि हव्या तिथे पिवळट तांबूस डाग पडायचे: बनियनवर, मोरीच्या फरशीवर, आईच्या जुन्या परातीवर. बनियन टाकून देता येतो. फरशी अजून आहे. आता संगणकावर नकाशा काढून शेन्झेनच्या कारखान्याला पाठवला की दोनेक डॉलरमध्ये देखण्या पाट्या छापून येतात. कुरिअरचा खर्च पाट्यांपेक्षा जास्त. फक्त एक अट: पाचच्या खाली देत नाहीत. आपल्याला हवी असते एक. म्हणून माझ्याकडे आजवर केलेल्या प्रत्येक यंत्राच्या चार जादा पाट्या आहेत. कुकरच्या शिट्ट्या मोजणारी पाटी कुणाला हवी असल्यास कळवावं. खालच्या काकूंना विचारून झालं आहे.

या पाट्या जिथे जातात तो खण म्हणजे आमच्या संसारातला वादग्रस्त प्रदेश. त्यात बारीक पिनेचे जुने चार्जर आहेत, मेलेल्या प्रिंटरच्या मोटरी आहेत, सीडी ड्राइव्हची लेन्स आहे, जुन्या कॉम्प्युटरांतून काढलेल्या रॅमच्या पट्ट्या आहेत, आणि कशाची आहे हे न कळलेली पण चांगल्या दर्जाची एक वायर आहे. दर दिवाळीला बायको हा खण उघडते, माझ्याकडे बघते आणि बंद करते. "असू दे, लागेल" या युक्तिवादावर आमच्या घरात एवढी वर्षं निभावलं, हे तिच्या मोठेपणाचं लक्षण आहे.

आणि मग मागच्या हिवाळ्यात जगानेच तिची फिरकी घेतली. बातम्या येऊ लागल्या की रॅम महाग झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर जी महाकाय डेटा सेंटरं उभी राहत आहेत, त्यांना मेमरीचे थरावर थर रचलेल्या खास चिपा हव्या असतात. त्या बनतात सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन यांच्याच कारखान्यांत, सिलिकॉनच्या त्याच चकत्यांवर, जिथून आपली साधी रॅम यायची. मोठं गिऱ्हाईक आलं आणि आपली रांग मागे ढकलली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशियल हा १९९६ पासूनचा, सामान्य माणसाला रॅम विकणारा ब्रँड बंद करत असल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात सोळा जीबीचा रास्पबेरी पाय एकशेवीस डॉलरवरून एकशेपंचेचाळीसवर गेला. पस्तीस डॉलरला जन्मलेल्या पोराची ही प्रगती. नव्या डीडीआर-५ पिढीच्या रॅमबरोबर जुन्या डीडीआर-४ नेही भाव खाल्ला. आयुष्यभर सगळं स्वस्तच होत जाणार अशा समजुतीत वाढलेल्या आम्हा लोकांना हे चमत्कारिक वाटलं. सोनं आणि घर वाढतं, कॉम्प्युटर उतरतो, एवढं अर्थशास्त्र आम्हाला येत होतं.

ही बातमी बायकोनेच मला वाचून दाखवली. वाचून झाल्यावर ती गप्प बसली, उठली आणि खण घेऊन आली. आजवर त्या खणाला तिने इतक्या जपून हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"पट्ट्या किती आहेत?"

मी एकेक पुसून उजेडात धरली. रॅमच्या पट्टीला खालच्या कडेला एक खाच असते; दर पिढीत ती थोडी सरकवलेली असते, म्हणजे जुनी पट्टी नव्या जागेत चुकूनही बसू नये. खाचा बघितल्या. सगळ्या डीडीआर-२.

"म्हणजे?"

"म्हणजे यांच्या नातवांना भाव आलाय."

तिने काही न बोलता गॅलरीतून भंगारवाल्याला हाक मारली. तो आला, पट्ट्या हातात घेऊन कडेच्या पिवळ्या रेघेवर नख फिरवलं. "सोनं हाय ह्याच्यात," तो म्हणाला, "पण नावाला." त्याला डीडीआर-२ ठाऊक नव्हतं आणि त्याचं काही अडत नव्हतं; तो किलोवर घेणार होता. पट्ट्या पिशवीत घालून त्याने ती हातातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याला लटकवली. काट्यावर आधी एकशेचाळीस ग्रॅम आलं, मग दोनशेदहा, मग उणे तीस.

"हे असंच करतंय दोन म्हैन्यापासून," त्याने काट्याला एक चापट मारली. "गिऱ्हाईक म्हन्तं, मी फसवतोय. लोक रोज भांडत्यात."

मी काटा हातात घेतला. आत लोडसेल नावाची एक धातूची पट्टी असते, वजनाने ती किंचित, डोळ्याला कळणार नाही इतकी वाकते. तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारांचा रेझिस्टन्स त्यामुळे बदलतो आणि तो बदल वाढवून आकडा दाखवतात. चापट मारल्यावर आकडा बदलतो म्हणजे लोडसेल ठीक आहे. कुठेतरी ड्राय सोल्डर झालंय. एक टाका ढिला.

बायको माझ्याकडे बघत होती. तिला पुढचं दिसत होतं.

"उघडून बघू का?" मी विचारलं.

भंगारवाल्याने पिशवी खाली ठेवली आणि जिन्याच्या पायरीवर बसला. "बघा. पन चा होईस्तोवर व्हईल ना?"

आई आतून म्हणाली, "चहा टाकते," आणि मी पाइनसिल शोधायला खणात हात घातला.